डबाभर पाणी

मुकादमाचं पत्र आलं तेव्हा उन्हाळा उतरणीला लागला होता. मी ते एकदा वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि शब्दकोशाच्या मधोमध ठेवून दिलं. आमच्या घरात शब्दकोश माझ्याखेरीज कोणी उघडत नाही. उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, असं म्हणणं खोटं होईल. मी काहीच ठरवलं नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, आज लिहू. मग वाटायचं, सडू दे.

पत्र बंद पाकिटात होतं, पाकिटाची कड डिंकाने दोनदा चिकटवलेली. अक्षर थरथरतं.

‘आपली पुस्तिका एका ओळखीच्यांकडे पाहिली. आपले बंधू पूर्वी माझ्या हाताखाली होते, चांगला माणूस, त्यांना नमस्कार सांगावा. मला अलीकडे लघवीच्या जागी फार त्रास आहे. कातडी लाल होते, चिरते, मागे जात नाही, खाज सुटते. डॉक्टरकडे जायची लाज वाटते. मुलगा सून घरात असतात, कोणाला सांगणार? आपण यातले जाणकार. काय करावे ते सविस्तर कळवावे. उत्तर कृपया बंद पाकिटात द्यावे. बंद पाकीट घरातले फोडत नाहीत.’

‘चांगला माणूस’ या दोन शब्दांवर माझी नजर अडकून राहायची. हा माणूस विसरला होता. आम्ही ज्या गोष्टीवर जन्म काढला, ती त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेली होती.

आम्ही तिघेही चुन्याच्या भट्टीवर कामाला होतो. दादा भट्टीच्या तोंडाशी, भाजलेला दगड फावड्याने ओढून घमेल्यात भरायचा. वहिनी चाळणीवर. मी पोती शिवायचो, कारण माझ्या अंगात जोर नव्हता आणि दाभण बरा चालायचा. दुपारच्या सुट्टीत मी पोत्यांच्या आड बसून पुस्तक वाचायचो. दादा येता-जाता म्हणायचा, “वाच बारक्या, वाच. घरात एकजण तरी पांढरा न होता म्हातारा होऊ दे.”

भट्टीवर सगळेच पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातले केस पांढरे. कळीच्या चुन्याची पूड अंगावर कोरडी असेपर्यंत फारसं काही करत नाही. घाम आला की चावायला लागते. म्हणून भट्टीवरच्या माणसांची एक रीत होती, बाहेरच्याला ती उलटी वाटेल. जग लघवीला जाऊन आल्यावर हात धुतं, आम्ही जायच्या आधी धुवायचो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे, आणि ज्याने ऐकलं नाही तो उड्या मारत परत यायचा. सगळे हसायचे. तोही हसायचा, जरा उशिरा.

दुसरी रीत संध्याकाळची. सुट्टी झाली की आधी कोरड्या फडक्याने अंग झटकायचं, कानामागे, काखेत, जांघेत, सगळीकडे. मग पाणी, आणि तेही भरपूर. घंगाळभर नाही, बादल्याच्या बादल्या. पुरुषांच्या हौदाभोवती पत्र्याचा आडोसा होता. तिथे प्रत्येकजण भिंतीकडे तोंड करून कातडी हळूच मागे घ्यायचा, वरून पाणी सोडायचा, पुसायचा आणि कातडी पुन्हा पुढे आणायचा. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. दात घासण्यासारखंच ते. आत पूड राहिली तर रात्रभर कशी झोप लागते ते प्रत्येकाला माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. चुना विरवायला पाणी लागतंच, त्याला कमी करता येत नाही. मग मुकादमाने माणसांचं कमी केलं. एका सकाळी आलो तर हौदाला झाकण आणि झाकणाला कुलूप. शेजारी रिकाम्या तेलाच्या डब्यांची रांग.

“माणशी एक डबा,” मुकादम म्हणाला. “लग्नाला जायचंय का तुम्हाला? हातपाय धुवा आणि घरी जाऊन काय ते करा.”

“घर लांब आहे, मुकादम,” दादा म्हणाला. “वाटेत घाम येतो. आणि थोडं पाणी वाईट. थोड्या पाण्याने पूड निघत नाही, नुसती तापते.”

“तू मला चुना शिकवणार?”

दादाने आपला डबा उचलला. आठवडा व्हायच्या आत आडोशाचे पत्रेही गेले. पोत्यांवर घालायला लागतात, मुकादम म्हणाला. मग पुरुष उघड्यावर उभे राहून तोंड, मान, हात धुवायचे. समोर बायकांची चाळण. कोण कशाला लुंगीला हात लावतोय?

एक दिवस वारा उलटा फिरला आणि चाळणीवरची पूड वहिनीच्या डोळ्यांत गेली. ती ओरडली नाही, नुसती खाली बसली, दोन्ही हात हवेत धरून. डोळे चोळायचे नाहीत एवढं तिला माहीत होतं. दादाने फावडं टाकलं, धावत जाऊन आपला डबा आणला आणि तिचं डोकं मागे करून डोळ्यांत धार सोडली. तिचा डबा संपला, त्याचा संपला, मी माझा आणला. तिचे डोळे वाचले. नंतर लाल राहिले, पण वाचले.

दादाकडे उरलं ते ओलं फडकं. संध्याकाळी पोत्यांच्या मागे जाऊन त्याने त्याच फडक्याने स्वतःला पुसून घेतलं. भट्टीवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने असं करायला नको होतं. ओलं फडकं म्हणजे पूड जागच्या जागी विरवणंच. पण सबंध दिवस आगीसमोर काढलेला माणूस, खाजेने वेडा झालेला. त्याने पुसलं.

दुसऱ्या दिवशी तो जरा फाकून चालत होता. तिसऱ्या दिवशी जास्त. मुकादमाने ते हेरलं.

“हे बघा, बदक आलं,” तो म्हणाला.

झालं, भट्टीवर दादा बदक झाला. घमेलं घेऊन निघाला की कोणीतरी मागून क्वॅक करायचा. दादा हसून घ्यायचा. घरी आला की भिंतीला टेकून उभाच राहायचा, बसायचा नाही. वहिनी ताट वाढून वाट बघायची.

“बसा की.”

“उभ्यानेच खातो. पाय आखडलेत.”

“पाय आखडलेला माणूस बसतो, उभा राहत नाही.”

तो मोरीत गेला की बराच वेळ बाहेर यायचा नाही. आतून पाण्याचा आवाज नाही, लघवीचा नाही, फक्त दातांवर दात दाबून सोडलेला श्वास. एकदा वहिनीने दाराला कान लावलेला मी पाहिला. मला पाहून तिने कान काढला नाही. म्हणाली, “भाऊजी, तुम्ही पुस्तकं वाचता ना? मग सांगा यांना दवाखान्यात जायला. माझं ऐकत नाहीत. म्हणतात, डॉक्टरीण असली तर?”

मी सांगितलं. सांगताना माझेच कान तापले. दादा म्हणाला, “एक दिवसाची रजा घेतो आणि जातो.”

सकाळची पाळी भरत होती. सगळे हजेरीला उभे, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ऊन तेवढ्यातच चटके द्यायला लागलं होतं. दादा पुढे गेला.

“आज रजा पाहिजे होती.”

“कशाला?”

“बरं नाही.”

“काय बरं नाही? ताप आहे?”

“जागा दुखते.”

“कुठली जागा?”

दादाने लुंगीची गाठ घट्ट केली.

“अरे बोल की बदका. जागेला नाव नाही का?”

कोणीतरी फिसकन हसलं. मुकादमाला हसू ऐकलं की जोर यायचा. “परवा एकाने पाय मोडला म्हणून रजा घेतली आणि सिनेमाच्या रांगेत सापडला. दोन्ही पायांवर उभा. मी आता बघितल्याशिवाय रजा देत नाही. दाखव.”

“खोलीत चला. तिथे दाखवतो.”

“खोलीत कशाला? इथे कोण परकं आहे? तुझी बायकोपण आहे. तिने पाहिलेलंच असेल.”

“मुकादम.”

“दाखव, नाहीतर तुमच्या घरातल्या तिघांनी उद्यापासून इकडे फिरकू नका. ही, तो पुस्तकातला किडा, आणि तू.”

दादाने एकदा चाळणीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली. ‘नको’ म्हणून हलवली, पण त्याने ती वेगळीच वाचली असावी. तिचे डोळे अजून लाल होते, दुसरीकडे कुठे तिला काम मिळालं नसतं. त्याने लुंगीची गाठ सोडली.

मी मान खाली घातली, तरी मला दिसलं. सुजून काचेसारखी ताणलेली कातडी, तोंडाशी पिवळी खपली. दादाचे हात लुंगीची दोन टोकं धरून, कपडे वाळत घालणाऱ्या बाईसारखे.

मुकादम वाकला. नीट पाहिलं. मग सरळ होऊन सगळ्यांकडे बघत म्हणाला, “एवढ्याशासाठी रजा?”

सगळे हसले असं मी लिहिणार होतो. सगळे नाही हसले. पण जे नाही हसले ते कोण होते, ते मला आज आठवत नाही. हसलेले सगळे आठवतात. वहिनीने वळून भिंतीकडे तोंड केलं होतं. तिची चाळण हातातच होती आणि रिकामी हलत होती.

दादाने गाठ बांधली. रजा मिळाली नाही. त्याने सबंध पाळी भरली, एक घमेलंही कमी टाकलं नाही. संध्याकाळी वाटेत तो ओणवा झाला आणि तसाच राहिला. लघवी तुंबली होती. मी आणि वहिनीने त्याला दगड वाहायच्या एका गाडीवर आडवं घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हातारा होता, हात हलका. म्हणाला, “इतके दिवस काय करत होतात?” वहिनी म्हणाली, “दाखवत होते.” डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने आत भाजून चिकटलेली कातडी कापून काढली. जखम भरायला वेळ लागला, पण भरली.

दादा-वहिनीला मूल झालं नाही. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की त्या जखमेचा आणि याचा संबंध नाही. पण भट्टीवर मुकादमाने संबंध लावला होता. ‘बदकाचं अंडं फुटलं’ असं तो म्हणायचा. ते बाजारात आलं, पाणवठ्यावर आलं, शेवटी आमच्या दारात आलं. त्या दिवशी हसलेल्यांच्या बायकांशी वहिनी पुन्हा कधी बोलली नाही, त्यांच्या मयतालाही गेली नाही.

आम्ही भट्टी सोडली. दादा वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. मला वाचनालयात काम मिळालं. तिथे मी जे मिळेल ते वाचलं, शरीरावरचं तर सगळंच. मग एक पातळ पुस्तिका लिहिली, पुरुषांनी अंग कसं स्वच्छ ठेवावं याची. लिहिताना शंभरदा वाटलं, मी कोण हे लिहिणारा? अनोळखी माणसाशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते. छापणाऱ्याने पहिलं पान वाचून विचारलं, “नाव घालायचं का?” मी म्हटलं, घाला. ती पुस्तिका भट्ट्यांवर, खाणींवर, गिरण्यांत फुकट गेली. गावात मला ‘साबणवाले’ म्हणायला लागले. खरं तर त्या पुस्तिकेत कातडीच्या आत साबण लावू नका असंच लिहिलंय. ते कोणी वाचलेलं दिसत नाही.

दादाने पुस्तिका वाचली नाही. विणता विणता एकदा म्हणाला, “चांगलं केलंस.” बस. आजही तो अंघोळीला गेला की दाराला आतून कडी लावतो, कडीत वेताचा तुकडा खुपसतो, आणि दोन बादल्या काठोकाठ भरून घेतो. एकीचंच पाणी वापरतो. दुसरी तशीच भरलेली ठेवून बाहेर येतो.

असा माणूस. म्हणून मी पत्र लपवलं. मुकादमाची दया आली म्हणून नाही, आणि नुसत्या रागानेही नाही. मला भीती होती की दादा त्याला माफ करेल. म्हणेल, लिही बिचाऱ्याला, म्हातारा झालाय. आणि मग मला लिहावं लागेल. ते मला सोसलं नसतं.

पाऊस येऊन गेला. पुस्तकांना वास यायला लागला म्हणून वहिनीने ती उन्हात घातली. मी वाचनालयातून आलो तर अंगणात सतरंजीवर सगळी पुस्तकं उघडी, पानं फडफडताहेत, आणि वहिनी शब्दकोशाशेजारी बसलेली. चष्मा नाकावर, पत्र मांडीवर. ती अक्षर अक्षर लावून वाचते.

“भाऊजी, हा तोच ना?”

“तोच.”

“कधी आलं?”

मी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने पत्राची घडी घातली आणि दादा विणत होता तिथे गेली. मी मागोमाग गेलो.

“ऐका,” ती म्हणाली, आणि वाचायला लागली. मध्ये थांबत, अडखळत. दादाचा हात चालू होता. ओला वेत वर, खाली, वर, खाली. ‘चांगला माणूस’ आलं तेव्हा हात थांबला.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं.

“त्याला आठवत नाही,” दादा म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “म्हणूनच मी उत्तर दिलं नाही. सडू दे म्हटलं.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. म्हातारपणी त्याचे डोळे पाण्यासारखे झालेत, त्यांतलं काही कळत नाही. “बारक्या, इतकी पुस्तकं वाचलीस आणि अक्कल तेवढीच राहिली. उत्तर नाही दिलं तर त्याला काय वाटणार? पत्र पोचलं नाही असं वाटणार. टपालवाल्याला शिव्या घालेल आणि झोपेल. ही काय शिक्षा झाली?”

“मग काय करू?”

“लिही. सगळं बरोबर लिही. एक अक्षर चुकीचं नको.”

झालं, म्हटलं, माफ केलं याने. मी गुपचूप आत गेलो, कागद आणि एक पाकीट घेऊन आलो.

“हे कशाला?” दादा म्हणाला.

“पाकीट. बंद पाकिटात द्या म्हणतोय ना तो.”

“कार्ड आण.”

मला आधी कळलंच नाही. वहिनीला कळलं. तिने तोंडावर पदर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“उघडं कार्ड,” दादा म्हणाला. “आणि अक्षर मोठं काढ. त्याच्या गावचा टपालवाला म्हातारा असला तर बिचाऱ्याला चष्मा शोधायला लागू नये.”

“दादा, त्याची सून वाचेल.”

“तुझी वहिनी तिथे चाळण घेऊन उभी होती.”

मी कार्ड आणलं, खुर्चीच्या पाटावर ठेवलं. दादा सांगायला लागला. पुस्तिका वाचली नाही असं मला वाटत होतं, पण त्याला ती सगळी पाठ होती. मी फक्त शब्द जुळवत गेलो.

‘तुमचं पत्र पोचलं. तुमच्या लघवीच्या जागी खाज सुटते, कातडी चिरते आणि मागे जात नाही, हे समजलं. कातडी जोराने मागे ओढू नका. जाईल तेवढीच न्या. रोज एकदा कोमट पाण्याने धुवा. आत साबण नको, जंतुनाशक औषध नको. धुऊन झालं की मऊ फडक्याने टिपून कोरडं करा आणि कातडी पुन्हा पुढे आणा. मागे अडकून सूज आली तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. हात आधी धुवा आणि नंतरही. या वयात असा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा, बहुतेक तेच निघेल.’

“पाण्याचं लिही,” वहिनी म्हणाली.

दादाने थोडा विचार केला. ‘पाणी भरपूर घ्या,’ त्याने सांगितलं. ‘डबाभर पुरत नाही.’

कार्डावर तळाशी दोन ओळींची जागा उरली होती. मी पेन धरून थांबलो. मला वाटलं, आता तो भट्टीचं काढेल, बदकाचं काढेल, शिवी घालेल. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी चांगल्या जळजळीत ओळी तयारही करून ठेवल्या होत्या. त्याने वेताचं टोक दाताने तोडलं.

“लिही. लाजू नका. डॉक्टरांना दाखवा. मीही दाखवलं होतं.”

खाली त्याने स्वतः सही केली. जड, वाकडी सही. मग कंसात, कोणाला शंका राहू नये म्हणून, ‘बदक’.

कार्ड टाकायला मी निघालो. ते पाकीट मी सवयीने सदऱ्याच्या खिशात घातलं होतं. चालताना ते छातीवर कुरकुर वाजत होतं. टपालपेटीपाशी येऊन मी थांबलो. मला माझं मन माहीत आहे, ते कुठल्याही गोष्टीला दोन्ही बाजूंनी बघत बसतं. एक म्हातारा, आजारी, घरात तोंड लपवणारा. त्याच्या अंगणात टपालवाला उभा राहून कार्ड सुनेच्या हातात देणार. ती ते उलटं करून पाहणार. कार्ड पाकिटात घालायला किती वेळ लागतो? तो बरा तर तसाही झाला असता. मी पाकीट खिशातून काढलंसुद्धा. कार्ड त्यात बरोबर बसत होतं.

एक बाई पत्र टाकायला आली. मी बाजूला झालो. तिची नजर माझ्या हातातल्या कार्डावर गेली, पहिल्या दोन ओळींवर फिरली, आणि ती भराभरा निघून गेली. माझे कान पेटले. जन्मभर मी असाच कान पेटवून घेत आलोय.

तेव्हा मला ते हात दिसले, लुंगीची दोन टोकं धरलेले.

मी पाकिटाचे चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. कार्ड मजकुराची बाजू वर करून पेटीच्या तोंडात सरकवलं. ते मध्येच अडलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. मी बोटाने ढकललं.